मूठ कितीवर असताना मिस मारते?

जुनी बुलेट नीट चालत नाही, मधेच अडखळते म्हणजे मिस मारते म्हटलं की भेटेल तो पहिला सल्ला देतो, "कार्बोरेटर साफ करून घ्या." मेकॅनिककडे नेली की तोही थेट कार्बोरेटरच उतरवतो, पेट्रोलात बुडवतो, कॉम्प्रेसरची हवा मारतो, स्क्रू थोडा इकडं थोडा तिकडं करतो आणि गाडी हातात देतो. चार दिवस बरी चालते, मग परत तेच. माझं म्हणणं एवढंच आहे की कार्बोरेटरला पाना लावायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ कितीवर असताना गाडी बिघडते? ते कळलं की कुठला भाग बघायचा हे कळतं. नाही कळलं तर कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी नुसतं चाचपडणं.

माझी गाडी म्हणजे मामांची गाडी. ३५० सीसीची स्टँडर्ड बुलेट, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. मामांनी ती १९८७ साली घेतली आणि गारगोटी-कोल्हापूर रस्त्यावर नोकरीभर चालवली. गुडघे दुखायला लागले तेव्हा चावी माझ्या हातात दिली. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम करते. दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर डायल गेज. त्यामुळं "अंदाजानं बसतंय" हे उत्तर मला घरच्या गाडीच्या बाबतीतही पटत नाही.

गाडीवर मिककार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर आहे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. रचना जपानच्या मिकुनीची, आणि २४ म्हणजे हवेच्या वाटेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. उघडून बघितला तर फार गुंतागुंत नाही. आत एक गोल स्लाइड वरखाली होते, मूठ पिळली की केबल तिला वर ओढते. स्लाइडला एक निमुळती नीडल लटकलेली असते, ती खालच्या नीडल जेटमध्ये वरखाली सरकते. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मापाचं भोक असलेला पितळी तुकडा. त्याच्याही खाली, बाऊलमधल्या, म्हणजे तळाच्या वाटीतल्या, पेट्रोलात बुडालेला मेन जेट. बाजूला एक छोटा पायलट जेट. आणि पेट्रोलची पातळी धरून ठेवणारा फ्लोट. एवढंच. पण यातला प्रत्येक भाग मुठीच्या ठरावीक टप्प्यातच मुख्य काम करतो, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत राज्य पायलट जेटचं आणि हवा कमीजास्त करणाऱ्या एअर स्क्रूचं. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला हवेच्या बाजूनं जो तिरका काप असतो, त्याचं. पाव ते पाऊण मुठीत नीडल आणि नीडल जेट. पाऊण मुठीच्या पुढं मेन जेट. टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, पण निदानाला एवढी वाटणी पुरते.

मी मुठीवर कागदी चिकटपट्टी लावली आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर दुसरी. मूठ बंद असताना एक रेघ, पूर्ण उघडल्यावर एक रेघ, मधलं अंतर चार भागांत. केबलला थोडी ढील असते, ती आधी काढून मगच रेघ मारायची, नाहीतर सगळं माप सरकतं. मग सकाळी लवकर कागलच्या बाजूला सर्व्हिस रोडला, तिसऱ्या गिअरमध्ये, एकेका रेघेवर मूठ धरून चालवायची. घाई करायची नाही. पाव मुठीवर धरून बरंच अंतर जाऊ द्यायचं, ऐकायचं, मग अर्ध्यावर. गाडी इंजिन गरम असताना चांगली आणि थंड असताना वाईट, की उलट, हेही लिहून ठेवायचं.

ही पट्टी लावल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसते. बुलेट पन्नास-साठच्या वेगानं सपाट रस्त्यावर पळत असते तेव्हा मूठ अर्ध्याच्या पुढं क्वचितच जाते. म्हणजे रोजच्या चालवण्यात मेन जेटचा संबंध जवळजवळ येतच नाही. तरीही मायलेज कमी झालं की लोक पहिल्यांदा मेन जेट लहान करून बसवतात. मायलेजला काही फरक पडत नाही, पण घाटात मूठ पूर्ण उघडल्यावर इंजिन उपाशी राहून तापतं. हे बघून मला फार वाईट वाटतं, कारण पिस्टन धरण्याची सुरुवात अशीच होते.

मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे की रिच (पेट्रोल जास्त) हे ओळखायला दोन साध्या युक्त्या पुरतात. मिस मारत असलेल्या टप्प्यावर मूठ स्थिर ठेवून चोकचा खटका थोडा ओढायचा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, आणखी बिघडली तर आधीच जास्त होतं. दुसरी युक्ती मामांची. चालत्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करायचा. बाऊलमधली पातळी उतरत जाते तसं मिश्रण लीन होत जातं. बंद पडायच्या आधी थोडा वेळ गाडी झकास पळाली, तर ती रिच चालत होती. रस्ता मोकळा असेल तरच हे करायचं, आणि कॉक परत उघडायला हात तयार ठेवायचा.

मामांचं आणखी एक वाक्य आहे, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. "पोरी, पेट्रोलला नावं ठेवायच्या आधी ठिणगी बघ."

"मामा, ठिणगी तर दिसतीया प्लगला."

"उघड्यावर दिसती. आत दाब असताना पडती का, ते सांग."

म्हणून क्रम त्यांचाच. पॉईंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजची (मापाची) पातळ पाती लावून. पॉईंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला असेल तर गेजची पाती उंचवट्यावर टेकते आणि खोटं माप सांगते, तेव्हा आधी बारीक ऑइलस्टोननं तोंडं सपाट करायची. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर वीजप्रवाह दाखवणारा अ‍ॅमीटर असतो, त्याचा इथं उपयोग होतो. चावी चालू करून किक हळूहळू हातानं दाबली की काटा डिस्चार्जकडं झुकतो आणि पॉईंट उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर पॉईंटवर घाण आहे किंवा वायर सुटली आहे, कार्बोरेटरला हात लावायची गरजच नाही. इंजिन गरम झाल्यावर मिस मारायला लागलं आणि अंधारात पॉईंटवर निळसर ठिणग्या उडताना दिसल्या तर कंडेन्सर (पॉईंटवरच्या ठिणग्या दाबणारा भाग) बदलायचा. तो तसाही स्वस्त असतो.

मग टॅपेट बघायचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची ढील. थंड इंजिनावर पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. टॅपेट आवळलेले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि त्या त्रासाचा आळ हमखास कार्बोरेटरवर येतो.

टाकीचं झाकणही तपासायचं. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं, ते पॉलिशच्या पांढऱ्या लगद्यानं बुजलेलं मी अनेक गाड्यांत बघितलंय. गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान पळते, मग पेट्रोल संपल्यासारखी मरते. झाकण उघडलं की सुस्स करून हवा आत जाते, आणि गाडी परत चालू. हे ज्याला माहीत नाही तो कार्बोरेटर उतरवतो, तेवढ्या वेळात कधीतरी झाकण उघडलेलं असतं, गाडी चालू होते, आणि श्रेय कार्बोरेटरच्या साफसफाईला जातं.

आता माझ्या गाडीचं. तिची लक्षणं अशी होती. थंड असताना स्लो, म्हणजे मूठ न पिळता इंजिनाचं हळू चालणं, नीट बसायचा. गरम झाली की मूठ सोडली तरी रेस लगेच खाली यायची नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकायची. उतारावर मूठ बंद केली की सायलेन्सरमधून फटाफट आवाज. एअर स्क्रू कितीही फिरवा, स्लोमध्ये काही फरक नाही. ठिणगी, टॅपेट, झाकण, सगळं ठीक. एअर स्क्रूला इंजिन दादच देत नाही, याचा अर्थ हवा दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं आत जातेय.

हवा ओढते का बघायला इंजिन स्लोवर ठेवून हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि कार्बोरेटरच्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारते. आवाज बदलला की जागा सापडली. काही जण इथं पेट्रोल शिंपडतात. गरम हेडवर, ठिणगीच्या शेजारी पेट्रोल शिंपडू नका, कृपा करून. पाण्यानं काम होतं.

सांधा हवा ओढत होता. पॅकिंग नवीन होतं, नट घट्ट होते, किंबहुना फारच घट्ट होते. कार्बोरेटर पिशवीत घालून शॉपमध्ये नेला. आमच्याकडं ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आहे, जिच्यावर आम्ही कास्टिंगचा सपाटपणा तपासतो. जेवणाच्या सुट्टीत प्लेटवर मार्किंगचा निळा रंग बोटानं अगदी पातळ पसरवला, कार्बोरेटरची फ्लँज, म्हणजे हेडकडं नटांनी आवळायचं सपाट तोंड, त्यावर ठेवली, हलकेच थोडी फिरवली आणि उचलली. निळा रंग फक्त दोन्ही कानांना लागला होता, नटांच्या भोकांभोवती. मधे, जिथून पेट्रोल आणि हवा इंजिनात जाते त्या गोलाभोवती, धातू कोराच्या कोरा. ०.१५ मिलिमीटरची पाती मधून अडखळल्याशिवाय गेली.

कारण सरळ आहे. फ्लँज फक्त दोन नटांवर धरलेली असते. हवा ओढते म्हणून कोणीतरी नट आवळतो, कान हेडकडं वाकतात, मधला भाग उचलला जातो, गळती वाढते, मग आणखी आवळतो. इतक्या वर्षांत इतक्या हातांनी आवळलेले नट, त्यात धातू मऊ. पॅकिंग कितीही जाड घाला, वाकलेली फ्लँज सरळ होत नाही.

जाड काच घेतली, तिच्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिकटवला आणि फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत राहिले. दाब फक्त मधे, बोटांच्या टोकांनी. घासायच्या आधी आतल्या सगळ्या वाटा कापसानं बंद केल्या होत्या, कारण पॉलिशचा एक कण पायलटच्या वाटेत गेला तर नवं दुखणं. थोडं घासून परत निळ्यावर ठेवायचं, बघायचं, परत घासायचं. निळा कानांवरून हळूहळू आत सरकत येतो. शेवटी गोलाभोवती अखंड निळं कडं उमटलं तेव्हा ६०० चा पेपर मारून थांबले. कार्बोरेटर आणि हेडच्या मधे जो उष्णता अडवणारा काळा ठोकळा असतो त्याच्याही दोन्ही बाजू अशाच तपासल्या. तो बहुतेक लोक तपासतच नाहीत. जोडताना नट एकाआड एक, पाव-पाव आटा, स्प्रिंग वॉशर दबेपर्यंत. त्याच्यापुढं नाही.

जोडून किक मारली. गरम झाल्यावर मूठ सोडली आणि रेस लगेच खाली आली. एअर स्क्रूला पहिल्यांदाच इंजिन ओ देऊ लागलं.

एअर स्क्रूबद्दल लोकांचा कायम गोंधळ होतो, म्हणून सांगते. व्हीएम कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवेच्या फिल्टरच्या बाजूला असतो आणि तो हवा सोडतो. आत फिरवला की हवा कमी, म्हणजे रिच. बाहेर काढला की लीन. बऱ्याच इतर कार्बोरेटरमध्ये स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोलमिश्रित हवा सोडतो, तिथं सगळं उलट. स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघायचं आणि मगच हात लावायचा. इंजिन नीट गरम झालं पाहिजे, नुसतं दारात उभं करून नाही, चालवून. स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. स्लो थोडा वाढवून ठेवायचा. आता पाव-पाव आटा फिरवून थोडं थांबत जायचं आणि जिथं इंजिन सगळ्यात वेगानं आणि एकसारखं चालतं ती जागा शोधायची. मग स्लो खाली आणायचा, आणि परत एकदा तेच. ती जागा एका आट्याच्या आत आली तर पायलट जेट लहान आहे किंवा अर्धवट बुजलाय. अडीच आट्यांच्या पुढं गेली तर पायलट जेट मोठा आहे. स्क्रू टोकाला नेऊन जेटची चूक झाकायची नाही.

जेट साफ करताना सुई, स्टीलची तार, टाचणी काही घालायचं नाही. पितळ मऊ असतं, एक ओरखडा पडला की भोकाचं माप गेलं. जुने मेकॅनिक वायरीतली तांब्याची एकच बारीक तार काढून वापरतात, ते चालतं. मी ब्रशचा नायलॉनचा केस वापरते आणि मग जेट उजेडाकडं धरून बघते. पायलट जेटचं भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. कडेला तपकिरी चंद्रकोर दिसली तर अजून साफ झालेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या माझ्या आत्याच्या घरी दोन मोटारसायकली पाण्याखाली होत्या, त्यांचे कार्बोरेटर उघडले तेव्हा बाऊलमध्ये करड्या गाळाचा थर बसला होता, आणि तो गाळ वाळल्यावर दगडासारखा होतो. तिथं हवा मारून काही होत नाही, गरम पाण्यात साबण घालून तासन् तास भिजत ठेवावं लागतं आणि प्रत्येक वाट वेगळी मोकळी करावी लागते.

सांधा नीट झाल्यावर नीडल आणि नीडल जेट बदलले. जुन्या नीडलवर एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा होता आणि जेटचं भोक गोल राहिलं नव्हतं, पिन गेज (मापाची गोल सळई) एका दिशेला अडायचा आणि काटकोनात सैल बसायचा. नवीन भाग शोधताना दुकानात एकाच नावाच्या तीन वेगवेगळ्या नीडल मिळाल्या. मायक्रोमीटर लावला तर तिन्हींचा निमुळतेपणा वेगळा. बाजारात नकली माल इतका आहे की मोजल्याशिवाय घेऊ नका. आणि दोन वेगळ्या बनावटींच्या जेटवर सारखा आकडा असला म्हणजे दोन्हींतून सारखं पेट्रोल येईल असं धरून चालू नका. जुना मूळचा जेट ओरखड्याविना असेल तर तो सोन्यासारखा जपा.

कार्बोरेटर म्हातारा झाला म्हणून काढून टाकून त्या जागी नवा, मोठा, चकाकता बसवायची हल्ली लाट आहे. माझं मत याच्या विरुद्ध आहे. या इंजिनाला २४ मिलिमीटरची वाट हिशेबानं दिलेली आहे. वाट मोठी केली की कमी वेगाला हवेची गती पडते आणि पेट्रोल नीट फवारलं जात नाही, आणि बुलेटची सगळी मजा तर कमी वेगातल्या ओढीतच आहे.

यानंतर उरलं ते पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. देशभरात दहा टक्क्यांची सरासरी २०२२ च्या जूनमध्ये गाठली, वीस टक्क्यांचं २०३० चं लक्ष्य अलीकडं ओढून २०२५ वर आणलं गेलं. आमच्या घरचा ऊस कारखान्यालाच जातो, उसाला चार पैसे जास्त मिळत असतील तर मला आनंदच आहे. पण मामांच्या बुलेटचे जेट ठरले तेव्हा हे पेट्रोल नव्हतं, आणि त्याचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला लागते ९ किलो. वीस टक्के मिसळल्यावर आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्याप्रमाणं पेट्रोल वाढवलं जातं. बुलेटच्या जेटला भोक तेवढंच. म्हणजे तीच गाडी, तीच सेटिंग, पण मिश्रण सात-आठ टक्के लीन.

माझ्या गाडीत ते अर्ध्या मुठीच्या रेघेवर दिसलं. साठच्या वेगाला मूठ स्थिर धरली तरी गाडी ओढ द्यायची, सोडायची, परत ओढायची. चोक जरासा ओढला की ओढ सलग व्हायची. म्हणून नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली. नीडलला पाच खाचा असतात, क्लिप खाली गेली की नीडल वर येते आणि रिच होतं. वरून तिसरीत होती, ती चौथीत. ओढ सलग झाली. मग पूर्ण मुठीसाठी मेन जेट ९० च्या जागी ९५, आणि एअर स्क्रू थोडा आत. एका वेळी एकच बदल, मग चालवायचं, लिहायचं, मग पुढचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठल्या गोष्टीनं फरक पडला हे कधीच कळत नाही.

प्लगचा रंग बघून ठरवायची जुनी पद्धत आता तितकी सोपी राहिलेली नाही. पूर्वीचा तो बिस्किटी तपकिरी रंग या पेट्रोलवर दिसेलच असं नाही, चांगल्या सेटिंगलाही प्लग फिकट निघतो. हव्या त्या मुठीवर थोडं अंतर चालवून, क्लच दाबून, तिथंच इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून चिनीमातीच्या मुळाशी, अगदी आत, भिंगानं बघायचं. तिथं काजळीचं बारीक कडं असलं तर ठीक. खालपर्यंत पांढराफेक आणि टोकावर धातूचे चमकते ठिपके असतील तर गाडी चालवू नका, आधी मिश्रण नीट करा.

मायलेज मात्र थोडं कमी मिळणारच. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांशाइतकीच ऊर्जा असते. ते कार्बोरेटरच्या हातात नाही.

पावसाळ्याची काळजी वेगळी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून जळूनही जातं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. कॉक तळाशीच असतो, त्यामुळं पहिल्यांदा तेच बाऊलमध्ये येतं. गगनबावड्याच्या पावसात भिजलेली आणि नंतर बरेच दिवस उभी राहिलेली गाडी चालू होत नसेल तर बाऊलमधलं पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढा आणि थोडा वेळ ठेवा. मधे रेघ दिसली की कारण सापडलं. गाडी पंधरवड्याच्या वर उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून बाऊल रिकामा करते. नाहीतर पितळेवर हिरवट आणि बाऊलच्या धातूवर पांढरी पूड धरते, आणि पायलट जेट सगळ्यात आधी बुजतो. पेट्रोलची जुनी रबरी नळी आणि बाऊलचं पॅकिंगही बघत राहा. पॅकिंग फुगतं आणि उघडल्यावर परत खाचेत बसत नाही. कोरडं ठेवून आक्रसायची वाट बघण्यापेक्षा नवं घाला.

उंचीचा फरक महाराष्ट्रात फारसा जाणवत नाही. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, करूळ घाट उतरून मालवणला समुद्रकिनारी गेलं तर हवा पाचेक टक्के दाट होते. जेट बदलायची गरज पडत नाही. लेहला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथं साडेतीन हजार मीटरवर हवा जवळजवळ तीस टक्क्यांनी विरळ, त्यामुळं गाडी रिच होते आणि धापा टाकते. क्लिप वर घ्यायची, लहान मेन जेट सोबत न्यायचा, आणि खाली उतरल्यावर आठवणीनं परत बदलायचा.

सध्या माझ्या गाडीत मेन जेट ९५, पायलट २५, क्लिप वरून चौथ्या खाचेत, एअर स्क्रू सव्वा आटा बाहेर, पॉईंट ०.३८. तारखेसकट चिठ्ठी टूलबॉक्सच्या झाकणात आतून चिकटवलेली आहे. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, तुमचा सायलेन्सर, फिल्टर, इंजिनाची झीज वेगळी असणार. सुरुवात करायला मात्र उपयोगी पडतील. आता शेजारच्या काकांची टू-स्ट्रोक येझदी हातात आली आहे, जिकॉवच्या कार्बोरेटरची. तिचं ऑइल पेट्रोलात मिसळूनच जातं, म्हणजे मिश्रण लीन झालं की थंडाव्याबरोबर वंगणही कमी पडतं. तिथं मी पूर्ण मुठीपासून सुरुवात करणार आहे, मोठा जेट घालून वरून खाली येत. काकांना सांगितलंय, पॉईंट आणि दोन्ही बाजूंचे क्रँकचे सील तपासून होईपर्यंत कार्बोरेटरला कोणीही हात लावायचा नाही.